स्टेरॉइडची उधारी

जुनाट दुखणे उचल खाते तेव्हा मनुष्य हिशेब विसरतो. संधिवाताच्या रुग्णाची सकाळी मूठ मिटत नाही, कपाची दांडी धरवत नाही. कचेरीची वेळ मात्र टळत नाही. अशा वेळी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातली काही रुपयांची गोळी जर त्याला दुसऱ्या दिवशी चालते करीत असेल, तर ती घेऊ नको असे सांगणारा उपदेशक त्याला शत्रूच वाटणार. ही गोळी पुष्कळदा प्रेडनिसोलोनची, म्हणजे स्टेरॉइडची असते. प्रस्तुत लेखकाला वैद्यकाचा अधिकार नाही. तथापि आजचा लाभ आणि उद्याची किंमत यांचा मेळ हा अर्थशास्त्राचा रोजचा विषय असल्याने त्या बाजूने या प्रश्नाकडे पाहण्यास हरकत नसावी.

स्टेरॉइडला खलनायक ठरविणे कृतघ्नपणाचे होईल. १९४८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिझोन टोचले आणि काही दिवसांतच ती चालू लागली. हेंच, केंडॉल व राइशस्टाइन यांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र औषध थांबविताच दुखणे परत येते आणि चालू ठेवावे तर शरीर दुसरीकडून ढासळते, हेही त्याच काळात ध्यानात आले. हाडे ठिसूळ होणे, रक्तातील साखर वाढणे, मोतीबिंदू, सुजलेला गोल चेहरा, दबून बसलेल्या क्षयाने डोके वर काढणे, ही त्या आरामाची किंमत होय. ती पहिल्या महिन्यात दिसत नाही, म्हणून रुग्ण ती शून्य धरून चालतो. दूरच्या खर्चाला आज कमी लेखण्याची माणसाची प्रवृत्ती आम्ही वर्गात आलेख काढून शिकवितो. तिचे याहून ठसठशीत उदाहरण शोधून सापडणार नाही.

मात्रा व वेळ यांवर सारे कसे अवलंबून असते, हे करोनाच्या साथीने दाखविले. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीचे निष्कर्ष आले. डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस दिल्याने कृत्रिम श्वसनावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. प्राणवायूची गरज नसलेल्यांना मात्र काहीच लाभ झाला नाही. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, आपल्याकडे काळ्या बुरशीने थैमान घातले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर ही त्यामागची प्रमुख कारणे मानली गेली.

आता मुख्य अडचणीकडे वळू. आपल्या अधिवृक्क ग्रंथी रोज जेवढे कॉर्टिसॉल तयार करतात, ते प्रेडनिसोलोनच्या सुमारे ५ मिलिग्रॅमच्या आसपास भरते. बाहेरून यापेक्षा जास्त पुरवठा तीन-चार आठवडे होत राहिला, की या ग्रंथी आपले उत्पादन आवरते घेतात. स्वस्त आयातीमुळे गावातला कारखाना बंद पडावा, तसेच काहीसे. मग एके दिवशी गोळ्या एकदम बंद केल्या, तर आयातही नाही आणि उत्पादनही नाही अशी अवस्था येते. रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकते. बंद पडलेला कारखाना पुन्हा पूर्ववत चालू व्हायला कधी कधी कित्येक महिने लागतात. म्हणूनच मात्रा पायरीपायरीने उतरवायची असते. वरच्या पायऱ्या मोठ्या चालतात, खालच्या मात्र फार लहान ठेवाव्या लागतात.

यातली खरी मेख पुढेच आहे. मात्रा कमी करताना अंग मोडून येते, सांधे ठणकतात, थकवा येतो. हा मूळ विकाराचा उठाव की औषध सुटत असल्याची तक्रार, हे रुग्णाला घरबसल्या कसे उमगावे? तो गोळी वाढवितो, बरे वाटते, आणि निदान आपलेच खरे ठरले अशी त्याची समजूत होते. वर्षानुवर्षे हे चक्र फिरत राहते. उलटपक्षी, उठाव वाटतो तो जंतुसंसर्ग असला तर वाढविलेली मात्रा आगीत तेल ओतते. तापासारखी खूणही स्टेरॉइडमुळे झाकली जाऊ शकते. म्हणून उठावात मात्रा वाढविण्याचा निर्णय तपासणीविना होणे धोक्याचे आहे.

कायद्याने पोटात घ्यावयाची स्टेरॉइडे परिशिष्ट ‘एच’मध्ये घातली आहेत, चिठ्ठीविना ती विकता येत नाहीत. व्यवहारात मात्र जुनी चिठ्ठी, किंबहुना जुने रिकामे पाकीटही चालते. रुग्ण तरी काय करणार? तज्ज्ञ शहरात. त्याच्याकडे जायचे तर एका दिवसाची रजा, एस.टी.चे भाडे, तपासण्यांचा खर्च आणि तासभराची रांग. त्या मानाने गोळी जवळजवळ फुकट. वैद्यकसेवेच्या बाजारात विकणाऱ्यास जे कळते ते घेणाऱ्यास कळत नाही, हे केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये मांडलेच होते. आपल्या दुकानांत तर पुष्कळदा दोघांनाही कळत नाही. ‘शुद्ध वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांत गुपचूप स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत, त्यांत तर रुग्णाला आपण काय घेतो याचाच पत्ता नसतो. चूर्ण संपले म्हणून त्याने ते सोडले, की कोसळण्याचे कारण डॉक्टरलाही सापडत नाही.

संधिवातावर मेथोट्रेक्सेटसारखी मुळावर काम करणारी औषधे आहेत. त्यांचा परिणाम दिसायला आठवडे लागतात. तोवरचा पूल म्हणून थोडे दिवस स्टेरॉइड द्यावे आणि शक्य तितक्या लवकर उतरवावे, असा युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे. (हे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत, म्हणून जाताजाता हा उल्लेख.) आपल्याकडे पुलावरच संसार थाटला जातो, कारण पलीकडे कधी उतरायचे हे चिठ्ठीवर लिहिलेलेच नसते.

शासनाने दुकानांवर छापे घालावेत हे ठीक. पण त्याआधी एक साधी गोष्ट करता येईल. स्टेरॉइडच्या प्रत्येक चिठ्ठीसोबत मराठीत तारीखवार तक्ता असावा: कोणत्या तारखेपर्यंत किती गोळ्या, कधी कमी करायच्या, ताप आला वा शस्त्रक्रिया ठरली तर कोणाला सांगायचे. एकदम बंद करू नये, हे ठळक अक्षरांत हवे. ब्रिटनमध्ये २०२० पासून अशा रुग्णांसाठी खिशात बाळगायचे आणीबाणीचे कार्ड आहे. जिल्हा रुग्णालयांपासून आरंभ केला तर खर्च एका कागदाचा आणि डॉक्टरच्या पाच मिनिटांचा. कागद शासन पुरवील. बाह्यरुग्ण विभागातल्या गर्दीत ती पाच मिनिटे कुठून काढायची, याचे उत्तर रिक्त पदे भरण्याच्या फायलीत अडकले आहे.