मैदानेच ओस पडली, मग चषक कुठून येणार?

महाराष्ट्राने संतोष करंडक शेवटचा जिंकला तो १९९९-२००० च्या हंगामात. १८९१ पासून मुंबईत खेळली जाणारी रोव्हर्स चषक स्पर्धा २०००-०१ नंतर थांबली. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकणारा मुंबईचा महिंद्र युनायटेड संघ २०१० साली मालकांनी मोडून टाकला. शेजारच्या गोव्यात डेंपो संघाने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले होते. पण २०१६ साली डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही संघ आय-लीगमधून बाहेर पडले. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून भारताला उपांत्य फेरीत नेणारा नेव्हिल डिसोझा हा याच मुंबईच्या मैदानांवर नावारूपाला आलेला, आपल्याच समाजाचा तरुण होता. म्हणून ही यादी इतरांपेक्षा आपल्याला अधिक लागायला हवी.

या ऱ्हासाची कारणे विचारली की दोन उत्तरे तयार असतात. पहिले, क्रिकेटने सारे गिळले. दुसरे, पैसा नाही. ही दोन्ही उत्तरे सोयीची आहेत, कारण त्यांत दोष नेहमी दुसऱ्याच्या पदरी जातो. आम्हांला ती मान्य नाहीत.

क्रिकेट बंगालमध्येही खेळले जाते आणि केरळातही. तेथे फुटबॉलची गर्दी ओसरलेली नाही. आणि पैशाचेच म्हणाल तर महिंद्र आणि डेंपो यांना पैशाची ददात कधी होती? महिंद्रचा संघ कंपनीच्या एका निर्णयाने विसर्जित झाला. गोव्याचे संघ महासंघाच्या नव्या लीग-रचनेच्या निषेधार्थ बाहेर पडले. त्यांची तक्रार रास्त होती असे आम्ही मानतो. डेंपो २०२४ मध्ये आय-लीगमध्ये परतलाही. तरी प्रश्न उरतोच. ज्या संघाचे मूळ मालकाच्या ताळेबंदात असते, तो मालकाच्या सहीनिशी जन्मतो आणि मालकाच्या सहीनिशीच संपतो. आज मुंबई सिटी हा संघ इंडियन सुपर लीगचे विजेतेपद दोनदा मिळवून बसला आहे, असे कोणी आम्हांला सांगेल. अभिनंदन! पण त्या संघातील बहुसंख्य खेळाडू बाहेरून आणलेले आहेत. विकत आणलेल्या फुलांनी घर सजते, त्याने परसात बाग फुलत नाही.

याउलट मिझोरमकडे पाहा. २०११ च्या जनगणनेनुसार त्या राज्याची लोकसंख्या सुमारे ११ लाख. आपल्या एकट्या अकोला जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाखांवर आणि अमरावती जिल्ह्याची सुमारे २९ लाख. म्हणजे आपल्या एका जिल्ह्याहूनही लहान असे ते राज्य. तेथे ना मोठे कारखाने, ना मोठे धनिक. तरी मिझोरमने २०१४ साली संतोष करंडक जिंकला आणि २०१७ साली ऐझॉलचा संघ भारताचा आय-लीग विजेता ठरला. तेथील बहुसंख्य लोक आपले प्रोटेस्टंट बंधू आहेत. डोंगर उतारावरच्या त्या प्रदेशात सपाट जमीन दुर्मीळ. तरीही खेळाला जागा मिळते. वऱ्हाडची सपाट काळी माती मात्र आपल्याला अपुरी पडते!

आता सातासमुद्रापलीकडचे एक उदाहरण. अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाचा फुटबॉल संघ एके काळी त्या देशात अग्रगण्य होता. (तो खेळ आपल्या फुटबॉलहून वेगळा; त्यात चेंडू बहुतांशी हातानेच खेळला जातो.) स्टॅग नावाच्या प्रशिक्षकाने तो संघ चार दशके घडवला. महाविद्यालयीन फुटबॉलपटूंसाठीचा हाइझमन करंडक १९३५ साली प्रथम दिला गेला, तो याच विद्यापीठाच्या बरवँगरला. परंतु १९३९ मध्ये मिशिगनने या संघाला ८५-० असे धुऊन काढले आणि त्याच डिसेंबरात विद्यापीठाचे अध्यक्ष हचिन्स यांनी फुटबॉल बंद केला. विद्यापीठ ज्ञानासाठी आहे, तमाशासाठी नाही, अशी त्यांची धारणा होती. २ डिसेंबर १९४२ रोजी मानवनिर्मित अणुभट्टीतील पहिली शृंखला-प्रक्रिया घडवली गेली, ती त्याच ओस पडलेल्या मैदानाच्या प्रेक्षागाराखाली. १९६९ साली तेथे फुटबॉल परतला, पण लहान प्रमाणावर.

हचिन्स यांचे मत आम्हांला पटत नाही. पण त्यांच्या सरळपणाचा हेवा वाटतो. त्यांनी निर्णय घेतला, तो जाहीर केला आणि त्याची जबाबदारी स्वीकारली. आपल्याकडे कोणी काही बंद करीत नाही. क्रीडा विभाग कागदावर असतो, गणवेश कपाटात असतो, मैदानावर मात्र आधी वाहने उभी राहतात, मग मंडप उभा राहतो आणि शेवटी इमारत उभी राहते. ही हत्या कोणाच्याच नावावर लागत नाही.

आमच्या पाहण्यातील महाविद्यालयीन संघ कसे तयार होतात? आंतर-महाविद्यालयीन स्पर्धेच्या आठ दिवस आधी सूचनाफलकावर कागद लागतो. अकरा मुले गोळा होतात. पहिल्या सामन्यात हरून परततात आणि प्रमाणपत्रे घेऊन घरी जातात. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण देण्याची शासनाची योजना चांगल्या हेतूने आलेली आहे. परंतु जेथे खेळ गुणांसाठी खेळला जातो, तेथे गुण मिळताच खेळ सुटतो. अकोल्याचे नाव आज विदर्भभर होते ते वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या शिकवणी वर्गांमुळे. त्या वर्गांचा आम्हांला राग नाही. गरिबांची मुले डॉक्टर व्हावीत असे आम्हांलाही वाटते. पण नववीत पाऊल टाकताच ज्या मुलाचा चेंडू माळ्यावर जातो, त्या मुलाकडून महाविद्यालयाचा संघ कसा उभा राहणार?

आणि या वऱ्हाडात वेगळी परंपरा नाही असे कोण म्हणेल? अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आजही उभे आहे. याच मंडळाच्या चमूने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जगासमोर कबड्डीचे प्रात्यक्षिक केले. दोन महायुद्धे झाली, राजवटी बदलल्या, प्रांत बदलले, मंडळ टिकले. का टिकले? ते एखाद्या चषकासाठी जन्मले नव्हते. रोज अंगाला माती लागावी यासाठी ते जन्मले होते. नावाने हनुमंताचे असलेल्या या संस्थेकडून आपण ख्रिस्ती लोकांनी शिकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते शिकताना आपला धर्म मुळीच उणा होत नाही.

आपल्या घरातही हा धडा आहेच. संत जॉन बॉस्को यांनी तुरीन शहरात १८४१ पासून रस्त्यावरची, कारखान्यांतली मुले गोळा केली. खेळ आणि धर्मशिक्षण यांची त्यांनी कधी फारकत केली नाही. या गोंगाट करणाऱ्या मुलांना घेऊन त्यांना एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हाकलले गेले. गवत तुडवले जाते म्हणून एका शेताच्या मालकांनीही त्यांना निघायला सांगितले. १८४६ साली वाल्दोको येथे स्थिर जागा मिळेपर्यंत त्या संताची मैदानासाठी वणवण चालली होती. आणि आज त्यांची तसबीर भिंतीवर लावणाऱ्या कित्येक शाळांच्या मैदानाला संध्याकाळी पाच वाजता कुलूप लागते!

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. अमरावती आणि अकोल्यातील आपल्या प्रत्येक शाळेचे मैदान संध्याकाळी दोन तास उघडे असावे. ते केवळ शाळेच्या विद्यार्थ्यांसाठी नव्हे, तर वस्तीतील सर्व मुलांसाठी, आणि मुलींसाठीही. मैदानावर नवी खोली बांधण्यापूर्वी धर्मग्राम परिषदेत त्यावर उघड चर्चा व्हावी. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेला क्रीडांगण आवश्यक मानले आहे. कायद्याला जे कळते, ते आपल्याला कळू नये काय? देखरेखीसाठी माणूस नाही, ही सबब आम्ही ऐकणार नाही. सणाच्या मंडपासाठी पन्नास तरुण मिळतात, तर मैदानासाठी आळीपाळीने दोन तरुण का मिळू नयेत? आणि पालकांनी दहावीच्या वर्षीही मुलाचा एक तास खेळासाठी राखून ठेवावा. त्या एका तासाने वैद्यकीय प्रवेश हुकत नाही. पुस्तकासमोर पेंगत काढलेल्या तीन तासांनी मात्र हुकू शकतो.

संत पौलाने करिंथकरांना लिहिताना शर्यतीत धावणाऱ्याचा दाखला दिला, कारण त्याच्या वाचकांनी शर्यत डोळ्यांनी पाहिलेली होती. आपल्या मुलांना तो दाखला उद्या समजावून सांगावा लागेल, अशी वेळ येऊ देऊ नका. हरवलेले चषक परत मागणे व्यर्थ आहे. ते मागून मिळत नसतात. कुलपाची किल्ली मात्र आपल्याच कडीला अडकवलेली आहे.