आधी प्रश्नाला मार्क द्या

‘आयडिया’ची स्पर्धा होत नाही असं इंजिनिअरिंग कॉलेज आता आमच्या भागात उरलेलं नसावं. २०१६ च्या जानेवारीत केंद्रानं स्टार्टअप इंडिया जाहीर केलं, त्याच वर्षी अटल इनोव्हेशन मिशन आलं, २०१७ पासून स्मार्ट इंडिया हॅकेथॉन भरू लागली आणि पाठोपाठ कॉलेजाकॉलेजांत इनोव्हेशन कौन्सिलच्या पाट्या लागल्या. चांगलंच झालं. माझ्या पिढीला वडीलधाऱ्यांकडून ‘कुठंतरी चिकट बाबा’ एवढाच सल्ला मिळायचा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांनी सुरू केलेलं छोटं मशीन शॉप मी चालवते, त्यामुळं ‘इंडस्ट्रीतलं कुणीतरी हवं’ या कोट्यातून परीक्षक म्हणून मलाही बोलावणं येतं.

तिथं दिसतं ते असं. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या, टेबलावर थर्मोकोलचं मॉडेल आणि पडद्यावर कोट्यवधींच्या बाजारपेठेचा आलेख. एक स्मार्ट कचरापेटी असतेच. दारू प्यायलेल्याची गाडी चालू न होऊ देणारं हेल्मेट असतं. शेतकऱ्यासाठी ॲप तर असतंच असतं, आणि ते करणाऱ्या गटातल्या निम्म्या पोरांच्या घरी शेती असूनही वडिलांना ते दाखवलेलं नसतं. मी विचारते, ‘ही अडचण नक्की कुणाची?’ उत्तर येतं, ‘सगळ्यांचीच आहे, मॅडम.’

पोरांच्या हुशारीत खोट नाही. खोट त्यांना लावलेल्या सवयीत आहे. पहिलीपासून डिग्रीपर्यंत प्रश्न त्यांना छापून मिळतो, शेजारी मार्कही छापलेले असतात. लागणारी सगळी माहिती प्रश्नातच दिलेली असते आणि नको असलेली एकही ओळ त्यात नसते. सोळा-सतरा वर्षं असे प्रश्न सोडवलेल्या मुलाला एके दिवशी सांगायचं की नव्या धंद्याची कल्पना काढ. तो बिचारा थेट उत्तरच काढणार. प्रश्न तयार करणं हेही काम आहे आणि ते शिकता येतं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. आमच्या स्पर्धा त्यावर कळस करतात, कारण मार्क ठेवलेले असतात ते नावीन्याला, सादरीकरणाला आणि मॉडेलला. प्रश्नाला शून्य.

आमच्या शॉपमध्ये गिऱ्हाईक येतं तेही उत्तर घेऊनच. तुटलेला पंपाचा शाफ्ट पुढ्यात टाकायचा आणि म्हणायचं, ‘असाच करून द्या, फक्त स्टील भारीतलं घाला.’ वडील शाफ्ट हातात घेऊन आधी तुटलेली कड उजेडाकडं धरायचे. कडेवर शिंपल्यासारख्या रेषा दिसल्या, म्हणजे तो एका दणक्यात तुटलेला नाही, थोडा थोडा वाकत, चिरत गेला आहे. मग स्टीलची चर्चा बाजूला आणि विचारणा सुरू : पाया खचलाय का, मोटर आणि पंप एका रेषेत आहेत का, कपलिंग कुणी बसवलं. बऱ्याच वेळा गिऱ्हाइकाला नवा शाफ्ट लागायचाच, पण पायाखाली पत्र्याचे तुकडे सारून मोटर सरळ केल्याशिवाय तो टिकणार नाही, हेही त्याला कळायचं. भारी स्टील घालून दिलं असतं तर बिल मोठं झालं असतं आणि माणूस काही महिन्यांनी पुन्हा दारात उभा राहिला असता.

आता कॉलेजात शिकवतात त्या पद्धतींबद्दल. ‘ब्रेनस्टॉर्मिंग’ हा शब्द आज शाळेतल्या पोरांच्याही तोंडी आहे. ही पद्धत न्यूयॉर्कच्या जाहिरात धंद्यातल्या अलेक्स ऑस्बॉर्नची. १९५३ मध्ये त्याचं ‘अप्लाइड इमॅजिनेशन’ हे पुस्तक आलं. नियम सोपे : टीका नंतर, आधी ढीगभर कल्पना काढा, वेडगळ कल्पनांनाही जागा द्या, दुसऱ्याच्या कल्पनेवर आपली चढवा. नियमांत चूक काही नाही. पण १९५८ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. काही जणांना एकत्र बसवलं आणि तितक्याच जणांना वेगवेगळं बसवून त्यांच्या कल्पना नंतर गोळा केल्या. वेगवेगळं बसलेल्यांच्या कल्पना जास्त निघाल्या. पुढं १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबं या अभ्यासकांनी त्याचं एक मोठं कारण दाखवून दिलं : एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि थांबता थांबता डोक्यातलं निसटतं. आपल्याकडं त्यात आणखी एक भर. गटात जो इंग्रजी फाडतो त्याचीच कल्पना भिंतीवर लागते. म्हणून माझा आग्रह असतो की पहिली वीस मिनिटं कुणी बोलायचं नाही, प्रत्येकानं आपल्या वहीत लिहायचं. गोंगाट झाला नाही की आयोजकांना कार्यक्रम पडल्यासारखा वाटतो, त्याला माझा इलाज नाही.

दुसरा माणूस मला ऑस्बॉर्नपेक्षा जवळचा वाटतो. गेनरिख आल्टशुलर, सोव्हिएत आरमाराच्या पेटंट कचेरीत काम करणारा. १९४६ पासून तो हजारो पेटंटं चाळत बसला आणि त्याला दिसलं की चांगल्या शोधाच्या मुळाशी बहुधा एक पेच असतो. एक गोष्ट सुधारायला जावं तर दुसरी बिघडते. सामान्य माणूस मधला मार्ग काढतो, शोधक पेचच मोडतो. देशातल्या संशोधनाच्या दुरवस्थेबद्दल त्यानं थेट स्टालिनला पत्र लिहिलं, पुढं त्याला अटक झाली आणि तो व्होर्कुटाच्या छळछावणीत गेला. स्टालिन गेल्यावर सुटला आणि पुन्हा त्याच कामाला लागला. त्याच्या पद्धतीतल्या चाळीस सूत्रांचा तक्ता आज कंपन्यांमध्ये विकत शिकवला जातो. तक्ता नसला तरी चालतं, पेच एका वाक्यात मांडता आला पाहिजे.

हे कसं घडतं ते मी एका गुऱ्हाळावर पाहिलं. करवीर तालुक्यातलं गुऱ्हाळ, मालक ओळखीचे, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. तिसऱ्या वर्षातल्या पोरापोरींचा एक गट घेऊन गेले होते. ते आले ते सेन्सर घेऊनच. काहिलीतल्या रसाचं तापमान मोबाइलवर दिसणार आणि गुळाचा दर्जा एकसारखा राहणार. काहील साधारण ११८ अंशांच्या आसपास उतरवावी लागते हे त्यांनी वाचलेलं होतं, आणि ते बरोबरही होतं. आण्णांनी ऐकून घेतलं आणि गुळव्याकडं बोट केलं. गुळव्यानं उकळत्या पाकाचे थेंब गार पाण्यात टाकले, बोटांत गोळी वळून पाहिली आणि मान हलवली, अजून वेळ आहे. ‘ताई,’ आण्णा मला म्हणाले, ‘पोरं हुशार हायती. पण ह्याला मी एक रुपाया देणार न्हाई. माझा गुळव्या हे बोटावर बघतोय. आणि दर रंगावर मिळतोय, मोबाइलवर न्हाई.’

पोरं हिरमुसली. मी त्यांना म्हटलं, आता सेन्सर पिशवीत ठेवा आणि नुसतं बसा. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत ती बसली. चरकातून रस येतो, भेंडीच्या पाण्यानं मळी वर येते, ती काढतात, मग रस आटत जातो, शेवटी पाक वाफ्यात ओततात. या सगळ्याकडं पाहुण्यांचं लक्ष जातं, कारण तिथं वास आहे आणि रंग आहे. चुलवाणाकडं कुणी बघत नाही. तिथं खड्ड्यात एक माणूस तोंडासमोर जाळ घेऊन वाळलेलं चिपाड मुठीमुठीनं आत सारत असतो, सतत. तो चहाला उठला की उकळी बसते. उकळी बसली की काहील उतरायला वेळ लागतो, आणि जास्त वेळ शिजलेला गूळ काळपट होतो. दर्जाचं गणित फिरून त्या माणसाशी येत होतं. पहाटे एका मुलीनं आण्णांना विचारलं, हे काका किती वर्षं आहेत तुमच्याकडं? आण्णा हसले. वर्षं कसली, हंगामाला उचल देऊन माणूस आणायचा आणि तो मध्येच निघून जायचा. गावात आता कुणी खड्ड्यात उतरायला तयार नाही. माणूस गेला की दुसरा मिळेपर्यंत चुलवाण थंड, आणि तोडलेला ऊस वाळत पडतो.

दर्जा, तापमान हे शब्द त्यांच्या वहीतून गेले आणि तिथं एक वाक्य आलं : चुलवाणावरचा माणूस टिकत नाही, त्यामुळं गुऱ्हाळ बंद पडतं आणि त्याचं नुकसान मालकाला सोसावं लागतं. त्याखाली आल्टशुलरचा पेच. माणूस जाळाजवळ हवा, कारण चिपाड पसरून टाकावं लागतं. माणूस जाळाजवळ नको, कारण धग सोसत नाही.

मग वीस मिनिटं गप्प लेखन. मोटरवर चालणारा पट्टा, पंखा, चिपाडाच्या विटा, बरंच काही निघालं. गटात जी मुलगी एरवी तोंड उघडत नव्हती तिच्या वहीत सगळ्यांत स्वस्त चित्र होतं : चुलवाणाच्या तोंडावर पत्र्याची आड आणि तीमधून तिरपी घसरगुंडी. माणूस वर, आडोशाला उभा राहून चिपाड सोडेल आणि लांब दांड्यानं पसरेल. आमच्या शॉपमध्ये भंगारातल्या पत्र्याची ती बनवली. पहिली तुंबली. चिपाडाचे लांब धागे एकमेकांत अडकून मध्येच कमान धरतात आणि वरचं सगळं अडून राहतं. मग घसरगुंडी वर अरुंद आणि खाली रुंद केली, तेव्हा चिपाड सुटून पडू लागलं. अजूनही ओलं चिपाड आलं की अडतं, आणि पत्रा तापून वाकतो त्याचं काय करायचं यावर भांडणं चालू आहेत. पण सेन्सरला रुपाया न देणारे आण्णा घसरगुंडीचा भाव विचारून गेले, आणि शेजारच्या गुऱ्हाळवाल्यालाही घेऊन आले. धंद्याची शक्यता मला तिथं पहिल्यांदा दिसली.

पोरं याला कल्पना म्हणायला थोडी लाजतात, त्यात इंटरनेट नाही ना. वांकानेरचे मनसुखभाई प्रजापती मी त्यांना मुद्दाम सांगते. कौलांच्या कारखान्यातला दाबयंत्राचा प्रकार पाहून त्यांनी मातीचे तवे काढले. २००१ च्या भूकंपानंतर फुटलेल्या माठाच्या फोटोखाली वर्तमानपत्रानं ‘गरिबाचा फ्रीज फुटला’ अशा अर्थाची ओळ छापली, तिनं त्यांच्या डोक्यात मातीचा फ्रीज रुजवला. एका धंद्यातलं दुसऱ्या धंद्यात नेणं ही मोठी कल्पकता आहे, आणि त्यासाठी आधी दोन्ही धंदे डोळ्यांनी पाहावे लागतात.

माझ्याबरोबरचे एक प्राध्यापक परीक्षक म्हणतात, तुम्ही पोरांना हिशेबात अडकवता, विसाव्या वर्षी स्वप्नं बघू द्यावीत. त्यांचं अर्धं मला पटतं. कल्पना निघत असताना हिशेब मांडू नये, ऑस्बॉर्नही तेच सांगतो. पण अडचण कुणाची, तो माणूस आज ती कशी भागवतो, त्याला आज काय खर्च येतो आणि पैसे कोण मोजणार, हे चार प्रश्न कल्पनेच्या आधीचे आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडानं जमिनीत विष भिनेल अशी भीती शेतकऱ्यांना होती, आणि पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली असं सांगतात. त्या शेतकऱ्यांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. नांगर चुकला तर त्यांचं पीक जाणार होतं, किर्लोस्करांचं नव्हे. आण्णाही मला हेच म्हणाले होते, ‘भर हंगामात परयोग नको.’ १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली तिच्यामागं ही दोन वर्षं आहेत.

दुसरं टोकही आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंना १९८३ च्या सुमारास शेतात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या सापडल्या, त्यांतून त्यांनी एचएमटी तांदूळ निवडून काढला. तो राज्याराज्यांत पसरला. २०१८ मध्ये दादाजी गेले ते हलाखीतच. इतकी पक्की नजर असलेल्या माणसाच्या पदरात धंदा पडला नाही. हक्क, नोंदणी, भागीदारी हे शिकवणारा तास आमच्या इनोव्हेशन कौन्सिलांच्या वेळापत्रकात मला अजून सापडायचाय.

आता एक अगदी बारीक, कारकुनी वाटेल असं सांगायचंय, कारण बाकी सगळं त्यावर अडलंय. या स्पर्धा बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होतात. तेव्हा गुऱ्हाळं बंद असतात, चुलवाणात पावसाचं पाणी साचलेलं असतं. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. तासगावकडं बेदाण्याच्या शेडवर द्राक्षं जाळीवर पडतात ती फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, अवकाळी पावसानं शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो तो त्याच दिवसांत, आणि तेव्हा पोरं सबमिशनच्या फायली लिहीत असतात. जिथं अडचण दिसते तिथं जायला वेळ नसतो आणि वेळ असतो तेव्हा अडचण बंद असते. पोरांना मग चिठ्ठ्या आणि इंटरनेट याशिवाय उरतं काय? गटांनी दिवाळीआधी एक जागा धरावी, गुऱ्हाळ, शेड, फौंड्री, दवाखाना, काहीही. हिवाळ्यात तिथं बसावं. जानेवारीत फक्त प्रश्नाचं एक पान द्यावं, ज्याची अडचण त्याची सही घेऊन, आणि निम्मे मार्क त्या पानाला असावेत. मॉडेल, सादरीकरण वगैरे एप्रिलमध्ये. विद्यापीठाला विचारायची गरज नाही. स्पर्धा कॉलेजच्या स्वतःच्या असतात, तारीख बदलायला प्राचार्यांच्या सहीचं एक परिपत्रक पुरतं.