शीव ओलांडणारे पत्ते

१९५६ साली राज्यपुनर्रचनेत बीदर म्हैसूर राज्यात आले आणि उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. सोयरीक मात्र तुटली नाही. आजही उदगीरकडची आई बाळाला घेऊन बीदरच्या दवाखान्यात येते.

समाजमाध्यमांवर आपण सारे एकाच मालकाच्या वाड्यातील भाडेकरू आहोत. २०१९ च्या अखेरीस ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाले, तेव्हा अनेक भारतीय मॅस्टोडॉनकडे वळले. तेथे सर्व्हर अनेक, चालक वेगळे. तरीही परस्परांत दळणवळण असते. दुसऱ्या सर्व्हरवरील व्यक्तीला अनुसरायचे, तर तिचे नाव आणि सर्व्हर असा पूर्ण पत्ता आपल्याच सर्व्हरवर शोधावा लागतो. पाकिटावर नावापुढे गाव लिहावे तसा. तिचे जुने लेखन बहुधा सगळे दिसत नाही. नवे मात्र येत राहते.

लसीकरणाची व साथींची माहिती सीमेपलीकडील पालकांना देण्यासाठी आपल्या संघटनेने असा सर्व्हर चालवावा, असे मला वाटते.

मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळावे. मजकुराच्या प्रती इतर सर्व्हरवर जातात. आपण पुसला तरी तो सर्वत्र पुसला जाईलच, याची हमी नाही. खाजगी संदेशही सर्व्हरचालकास वाचता येऊ शकतात. म्हणून बालरुग्णाचे छायाचित्र वा केसपेपर तेथे कदापि देऊ नये. मोठेपणी ते मूल आपल्याला जाब विचारू शकेल. आज मात्र त्याच्या वतीने नकार देणे आपल्याच हाती आहे.