घड्याळ : अंगावरचे आणि आचरणातले

सतराव्या शतकातील फ्रान्समध्ये घड्याळ हा आधी दागिना होता, वेळेचे साधन नंतर. १६३० च्या सुमारास झाँ तूतँ या सुवर्णकाराने सोन्यावर मिन्याची चित्रे रंगविण्याची कला सिद्ध केली आणि ब्ल्वा नगरीच्या कारागिरांनी ती घड्याळांवर खुलविली. उमराव घराण्यांतील स्त्रीपुरुष अशी घड्याळे गळ्यात वा कमरेला मिरवीत. त्यांना बहुधा एकच काटा असे, तोही तासांचा. १६७५ साली हायगेन्स यांनी पॅरिसमध्ये केसासारख्या बारीक स्प्रिंगची जोड घड्याळाला दिली, तेव्हा कुठे मिनिटांचा हिशेब भरवशाचा झाला.

तरीही हौस सरली नाही. राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठी १७८३ साली ब्रेगे यांच्या पॅरिसच्या कारखान्यात एका अपूर्व घड्याळाची मागणी नोंदविली गेली. ते पूर्ण झाले १८२७ साली. राणीचा शिरच्छेद १७९३ मध्येच झाला होता. घड्याळ राहिले, वेळ राहिली नाही.

अंगावरच्या वैभवाचा हा प्रश्न वर्ध्याच्या एका धनाढ्य व्यापारी घरातही उभा राहिला होता. १९०७ साली लग्नसमारंभासाठी दागिने घालण्याचा आग्रह आजोबा बच्छराज बजाज यांनी धरला. सतरा वर्षांच्या दत्तक नातवाने, जमनालालजींनी, तो नाकारला. आजोबांचे शब्द कठोर झाले, तेव्हा संपत्तीवरील हक्क लेखी सोडून ते घराबाहेर पडले. पुढे समजूत घालून त्यांना परत आणण्यात आले, पण संपत्तीकडे ते विश्वस्ताच्याच दृष्टीने पाहत राहिले.

त्यांच्याच आग्रहाने वर्ध्यास आलेले गांधीजी १९३६ साली शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहू लागले. अंगावर पंचा आणि कमरेला लटकणारे घड्याळ. त्यावर प्रार्थना, सूतकताई आणि भेटीगाठी चालत. त्यांचे एक साधे झेनिथ घड्याळ चष्मा, चपला व ताट-वाटीसह २००९ साली न्यूयॉर्कच्या लिलावात १८ लाख डॉलरांना गेले. ते मोल चांदीचे नव्हते, त्या घड्याळाने मोजलेल्या आयुष्याचे होते.

घरच्या तिजोरीत एखादे जुने मिनेदार घड्याळ असेल, तर ते कारागिराच्या कौशल्याचा वारसा म्हणून अवश्य जपावे. मात्र सामायिकाची ४८ मिनिटे, म्हणजे पूर्वजांच्या दोन घटका, सोन्याच्या घड्याळातही तितक्याच भरतात आणि साध्यातही. पेढीवरचा पैशांचा हिशेब रोज संध्याकाळी मिळविला जातो. गेलेल्या घटकांचा हिशेबही त्याच वहीशेजारी मांडला जावा.