सनावळीने भागत नाही

प्राचीन इतिहासाच्या परीक्षेला सनावळी पाठ असली की पुरते, हे एका पत्रलेखकाचे मत सातवाहनांपाशीच अडते. त्यांच्या कालक्रमावर अभ्यासकांचेही एकमत नाही. सत्तांतराचा पुरावा मात्र पक्का आहे. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील सुमारे ९,००० नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप पुन्हा मारला होता. सत्तांतर असे उलगडून लिहिणाऱ्याचे साल चुकले तरी उत्तर उभे राहते. परभणीकर विद्यार्थ्याला तर नकाशाही घरचाच: गंगाखेडची गोदावरी वरून पैठण, म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान, ओलांडून येते. जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची मंदिरे मात्र या उत्तरात नकोत. ती यादवकालीन, कितीतरी शतकांनंतरची मानली जातात.