युद्ध युक्रेनमध्ये, डबा माकणीत



मागच्या व्हिडिओत मी म्हणालो होतो की दुकानदारानं रोज जगाच्या बातम्या बघितल्याच पाहिजेत. त्यावर एकानं विचारलं, "सर, काउंटरवर राजकारण नको असं तुम्हीच शिकवता. मग पुतिन काय करतोय हे बघून किराणा दुकानाला काय मिळणार?" प्रश्न बरोबर आहे. उत्तर माझ्याच चुकीतून देतो.

24 फेब्रुवारी 2022 ला रशियानं युक्रेनवर हल्ला केला. पारावर दोन पार्ट्या पडल्या आणि मीही काउंटरवर तावातावानं बोलायचो. रशियावर निर्बंध लावून अमेरिकेला काय मिळणार, आपले पुढारी कसे खातात, सगळं! पण आपण विकतो ते सूर्यफूल तेल बहुतेक युक्रेन आणि रशियातूनच येतं, हे मला होलसेलवाल्यानं नवा भाव सांगितला तेव्हा कळलं. बीबीए केलेला माणूस मी.

मग 28 एप्रिलला इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात बंद केली. मला वाटलं, आता भाव थांबत नाही. उधारीवर चाळीस डबे उचलले. तेव्हा सरकारनं साठ्यावर मर्यादा घातली होती, किरकोळ दुकानाला 30 क्विंटल. म्हणजे पंधरा किलोचे दोनशे डबे. कायद्यात मी बसत होतो. पण 23 मे ला ती बंदी उठली, जून-जुलैत भाव उतरले आणि डब्यामागं चारशे रुपये खिशातून गेले.

हे नुकसान भरून निघालं. दुसरं निघायला वेळ लागला.

मार्चमध्येच मी जुन्या भावाचा माल नव्या भावात विकायला सुरुवात केली होती. आमच्या वडिलांच्या काळापासूनचे एक गिऱ्हाईक, तात्या, डब्याकडं बघून म्हणाले, "हा पोचा आलेला डबा मागच्या आठवड्यातबी इथंच होता की रं. ह्याला युद्ध कवा लागलं?" मी काहीतरी वरनं भाव वाढल्याचं सांगितलं. तात्या म्हणाले, "अन् पुढारी खातेत म्हणून तूच बोंबलत होतास." पैसे दिले आणि गेले. पुढं सहा महिने आले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, जुना माल जुन्या भावात विकला तर नवा माल कशानं भरायचा? खरं आहे, भांडवल आटतं. म्हणून मी आता सरासरी काढतो. दहा डबे 2,200 चे आणि दहा 2,600 चे असतील, तर खरेदी 2,400 धरायची, त्यावर नेहमीचा नफा. आणि कुणी विचारलं तर बिल दाखवायचं. दाखवता येत नसेल असा भाव लावू नका.

आपल्या भागात यात अजून एक गुंता आहे. तेल विकत घेणारा माणूसच सोयाबीन पिकवतो. 2024 ला सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता आणि बाजारात त्याच्या खाली विकावं लागत होतं. 14 सप्टेंबर 2024 ला केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के केलं, शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून. तेल लगेच महागलं, सोयाबीन काही हमीभावाला पोचलं नाही. 30 मे 2025 ला तेच शुल्क 10 टक्क्यांवर आणलं, या वेळी तेल स्वस्त व्हावं म्हणून. तर गिऱ्हाईक काउंटरवर सरकारला शिव्या देतं तेव्हा ते तेलाचं बोलतंय की सोयाबीनचं, हे आधी ऐका. माझं मत विचाराल तर, शुल्क लावून शेतकऱ्याला भाव मिळत नाही, हमीभावानं खरेदी वेळेवर सुरू केली तर मिळतो. हे मी काउंटरवरही बोलतो. गिऱ्हाईक तुटत नाही. पार्टीचं नाव घेतलं की तुटतं.

शेजारी सोलापूरला बघा. रशियाचं तेल घेतो म्हणून अमेरिकेनं ऑगस्ट 2025 मध्ये आपल्या मालावरचा टॅरिफ 50 टक्क्यांवर नेला. टॉवेल अमेरिकेला पाठवणाऱ्या तिथल्या कारखानदारांना ही बातमी गप्पांची नव्हती.

आणि भ्रष्टाचार. दिल्ली-मुंबईवर बोलायला पैसे पडत नाहीत. पण दुकानाचा कागद काढून देतो म्हणून एजंट "साहेबांचं वेगळं" म्हणतो, तेव्हा आपण गुपचूप पाचशे काढतो. मीही काढलेत. 2017 च्या कायद्यानं दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानाला नुसती ऑनलाईन सूचना पुरेशी केली, हे माहीत नव्हतं म्हणून. 2018 पासून लाच देणाराही गुन्हेगार आहे. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार केली तरच सुटका. लाचलुचपत खात्याचा नंबर 1064, मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.

ती सूचना कशी भरायची, ते पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर दाखवतो. आधार, फोटो आणि दुकानाचा पत्ता जवळ ठेवून बसा.