गोळी बंद करण्याआधी

गारगोटीत काय किंवा भुदरगडच्या वाड्यावस्त्यांवर काय, सुनेला दिवस गेले की पहिला सल्ला घरातूनच येतो: "त्या डोक्याच्या गोळ्या आता बंद कर बाई." तीही त्यांना वैतागलेलीच असते. वजन वाढलेलं, तोंडाला कोरड, चहाची कपबशी धरताना हात थरथरतो. गोळ्यांची पाकिटं ट्रंकेत जातात. पण औषध एकदम तोडलं की आजार उलटण्याची भीती मोठी, आणि जी आई झोपत नाही, जेवत नाही तिची झळ पोटातल्या बाळालाही लागते.

गोळ्यांनी बाळाला अपाय होईल ही घरच्यांची भीती अगदीच खोटी नाही. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट हे काही मानसिक आजारांवरचं औषध चालू राहिलं तर साधारण १० पैकी एका बाळात जन्मजात व्यंग आढळतं, आणि मज्जारज्जूची घडण पाळी चुकल्याचं ध्यानात येईतोवर बरीचशी उरकलेली असते. म्हणजे मुलाचा विचार असेल तर डॉक्टरांशी बोलणं आधीच व्हायला हवं. सगळी औषधं मात्र अशी नसतात. कित्येक डोस बदलून चालू ठेवता येतात.

कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जायचं तर दिवसाचा रोजगार बुडतो, मान्य. तोवर २०२२ पासून सुरू असलेल्या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.